बाळसे किती, सूज किती?

नोव्हेंबर उजाडला आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बारामती-इंदापूर रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या ओढत संथ चाललेले उसाचे ट्रॅक्टर. दुसरी म्हणजे नुकत्याच तुटलेल्या फडातले पाचट पेटवल्यावर रस्त्यावर उतरून बसलेला धूर. दोन्हींचा उगम एकाच शेतात असतो. उसाचे बिल खात्यावर जमा होते आणि त्यातून घर, मुलांची फी, दवाखाना, लग्नकार्य असे सगळे निघते. धुराचे बिल मात्र कोणी कुणाला पाठवत नाही.

बाळ गुटगुटीत दिसू लागले की घरचे खूश होतात. डॉक्टर मात्र त्याच्या पायावर अंगठा दाबून पाहतात. अंगठा काढल्यावर पडलेला खड्डा तसाच राहिला तर ते बाळसे नसते, सूज असते. वजनकाट्यावर दोन्हींचा आकडा वाढलेलाच दिसतो. शेतीच्या भरभराटीबाबतही हाच प्रश्न विचारावा लागतो. उत्पन्न वाढले आणि त्याबरोबर हवेत जाणारे वायूही वाढले. यातली किती वाढ पिकाच्या, जनावराच्या अंगी लागली आणि किती नुसतीच वाया गेली?

पाण्यामागून आलेला पैसा

बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणप्रवण तालुके. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने इथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि कालव्याखालची जमीन बदलली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा केला, त्याभोवती वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने आले. १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा इंदापूरच्या गावांपर्यंत आला. फुगवट्यातून मोटारी लावून पाणी उचलले गेले. पुढे संकरित गाई आल्या, दूध संकलन केंद्रे आली, द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या.

ही समृद्धी खरी आहे आणि कष्टाची आहे. सुपे, मोरगाव या जिरायती पट्ट्यातल्या माणसाला तर ती अजून हवीच आहे, कारण पाऊस दगा देतो त्या वर्षी तिथे पिण्याच्या पाण्यासाठीही टँकरकडे पाहावे लागते. म्हणून उत्सर्जनाची चर्चा ‘शेतकऱ्याने कमी कमवावे’ अशा सुरात करणे अन्यायाचे ठरेल. तरीही ही समृद्धी ज्या चार खांबांवर उभी आहे, ते पाणी, खत, वीज आणि गाय, त्या प्रत्येकामागे एक वायू लागलेला आहे हे समजून घ्यायला हवे.

देशाच्या पातळीवर भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०२० च्या हिशेबानुसार एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १४ टक्के वायू शेती आणि पशुपालनातून येतात. या हिशेबात पंपाची वीज आणि ट्रॅक्टरचे डिझेल धरलेले नाही. ते ऊर्जेच्या खात्यात जाते. शेतीच्या खात्यात मुख्यतः दोन वायू येतात, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड.

एका एकराचा हिशेब

नायट्रस ऑक्साइडची ओळख अनेकांना दवाखान्यातून असते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी हाच वायू दीडशेहून अधिक वर्षे वापरला गेला. ‘हसवणारा वायू’ असेही त्याला म्हणतात. शेतात तो मातीतले जिवाणू तयार करतात. पिकाने न उचललेल्या नत्रावर ते काम करतात आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूची एक किलो मात्रा कार्बन डाय ऑक्साइडच्या २७३ किलोइतकी उष्णता अडवते. हवेत तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकतो.

युरियाची एक गोणी ४५ किलोची. त्यात ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असते. आंतरराष्ट्रीय हिशेबात ढोबळमानाने असे धरतात की टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडून जातो. एका गोणीमागे हा वायू साधारण ३०० ग्रॅमच्या थोडा वर भरतो. कार्बन डाय ऑक्साइडच्या मापात ते झाले जवळपास ९० किलो. युरिया मातीत विरघळताना थेट कार्बन डाय ऑक्साइडही सुटतो, तो ३३ किलोच्या आसपास. म्हणजे शेतात फोडलेल्या एका गोणीमागे १२० किलो. कारखान्यात ती गोणी तयार करताना जळालेला नैसर्गिक वायू वेगळाच.

आडसाली उसासाठी राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १६० किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर आठ गोण्या. आठ गोण्यांचे मिळून जवळजवळ एक टन होते. लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी मोटारसायकल वीस हजार किलोमीटर पळवली तर साधारण इतकाच कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडतो. शिफारशीइतकेच खत टाकले तर हा हिशेब. शेजाऱ्याने दहा गोण्या टाकल्या म्हणून अकरा टाकणारेही गावोगाव आहेत.

आता पाचट. एका एकरातून तीन ते चार टन वाळलेले पाचट निघते. ते जळताना निघणारा कार्बन डाय ऑक्साइड हिशेबात धरत नाहीत, कारण तो उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. पण अर्धवट ज्वलनातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात. ते एकरी अडीचशे किलोच्या घरात जातात. शिवाय पाचटातले पंधराएक किलो नत्र बहुतेक सगळे हवेत जाते. अर्ध्या गोणीहून जास्त युरिया बांधावर ओतून काडी लावावी, तसाच हा प्रकार.

विजेचे गणित सोपे आहे. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज लागते. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होत असल्याने त्यामागे २० ते २२ किलो कार्बन डाय ऑक्साइड निघतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवलेला असेल, तर ऊस तहानलेला आहे की नाही हे कोणी पाहतच नाही.

इथे एक शंका हमखास निघते. ऊस इतका कार्बन शोषून घेतो, त्याचे काय? शोषून घेतो हे खरेच आहे. पण ती साखर वर्षभरात खाल्ली जाते, बगॅस बॉयलरमध्ये जळतो आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीने कोळशाची वीज वाचते आणि इथेनॉलने पेट्रोल वाचते, हे श्रेय कारखान्यांना द्यायलाच हवे. मात्र त्यातून शेतात सुटलेला नायट्रस ऑक्साइड वजा करावा लागतो. जमिनीत सेंद्रिय कर्बाच्या रूपाने जे उरते, तीच दीर्घकाळची ठेव.

गोठ्यातला मिथेन

शेतीच्या खात्यात सर्वांत मोठा वाटा उसाचा नाही, रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहे. देशाच्या शेतीजन्य उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग गाई-म्हशींच्या कोठीपोटातून येतो. तिथले सूक्ष्मजीव चारा कुजवताना मिथेन तयार करतात आणि तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो. दुभत्या गाईमागे वर्षाला साधारण ५० ते ६० किलो मिथेन धरतात. मिथेनचा प्रभाव शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डाय ऑक्साइडच्या सुमारे २७ पट. म्हणजे एका गाईमागे वर्षाला सुमारे दीड टन.

पण गाय जितकी सकस, तितका लिटरमागचा मिथेन कमी. जास्त दूध देणारी गाय थोडा अधिक चारा खाते, थोडा अधिक मिथेनही सोडते. पण तो अनेक लिटरांवर वाटला जातो. भाकड, रोगट, वारंवार उलटणारी गाय दूध न देताही मिथेन सोडतच राहते. म्हणून वेळेवर लसीकरण, खनिज मिश्रण, निरोगी कास आणि संतुलित खाद्य हे जसे दुधाच्या धंद्याचे उपाय आहेत, तसे हवामानाचेही आहेत. मिथेन हवेत बाराएक वर्षेच टिकतो, त्यामुळे आज केलेल्या कपातीचा फायदा याच पिढीला दिसू शकतो.

दोघांची फारकत होते का?

अर्थशास्त्रात या विषयावर एक गाजलेली मांडणी आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये उत्पन्न आणि विषमता यांच्यातले नाते उलट्या वाटीच्या आकाराच्या रेषेने दाखवले होते. १९९० च्या दशकात तीच रेषा पर्यावरणाला लावली गेली. उत्पन्न वाढू लागले की आधी प्रदूषण वाढते, मग माणसे सधन झाल्यावर स्वच्छतेवर खर्च करतात आणि ते उतरते. शहरातल्या धुरासारख्या काही प्रदूषकांबाबत असे घडलेले दिसते. हरितगृह वायूंबाबत हा उतार आपोआप लागेल असे मानता येत नाही, कारण पाचटाचा धूर गल्लीत दिसतो, नायट्रस ऑक्साइड कुणालाच दिसत नाही.

यासाठी दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. एक, रुपयामागे किंवा टनामागे होणारे उत्सर्जन. दुसरा, एकूण उत्सर्जन. २००५ ते २०२० या काळात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. ही मोठी गोष्ट आहे. पण या काळात एकूण उत्सर्जन वाढलेच, कारण उत्पन्न त्याहून वेगाने वाढले. मधुमेह्याने भाकरीमागचे तूप निम्मे केले आणि भाकऱ्या तिप्पट केल्या, तर डॉक्टर त्याला शाबासकी देत नाहीत.

शेतीत हा घोटाळा ठिबकने दाखवून दिला आहे. ठिबकमुळे एका एकराचे पाणी वाचते. वाचलेले पाणी विहिरीत राहिले तर फायदा. पण बहुतेक वेळा त्याच पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहतो. शेतकऱ्याच्या जागी कुणीही तेच करील. उत्पन्न वाढते, टनामागचे उत्सर्जन घटते, आणि गावाचे एकूण पाणी व एकूण वायू मात्र होते तिथेच राहतात किंवा वाढतात.

नीरा खोऱ्याचा जुना धडा

वाढीमागे लपलेले बिल या भागाने पूर्वीही पाहिले आहे. नीरा कालव्याचे पाणी आले तेव्हा ते जितके जास्त तितके चांगले अशीच समजूत होती. पंचवीस वर्षांत कालव्याखालच्या सखल जमिनींवर पांढरे मीठ फुटू लागले. १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर सविस्तर अहवाल लिहिला. पाणी दिले, निचरा केला नाही, म्हणून जमीन बिघडली.

त्या जमिनींवर आधी काही हंगाम पीक जोमाने आले असणार आणि बिघाड नंतर दिसला. सूज अशीच येते. फरक इतकाच की मीठ निदान स्वतःच्याच शेतात फुटत होते. वायूंचा परिणाम दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या पावसाळ्यात दिसतो. त्यामुळे तो आपला वाटत नाही.

शरीरावर उमटणारा हिशेब

तरीही वाया गेलेल्या खताचा आणि धुराचा काही भाग अगदी घराजवळच परत येतो. पाचटाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसांच्या शेवटच्या नळ्यांपर्यंत पोचतात. दमेकरी, जुनाट खोकल्याचे वृद्ध, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना हंगामात त्रास वाढतो. थंडीत सकाळी हवा जड असते आणि धूर वर न जाता वस्तीवरच पसरतो.

पिकाने न उचललेले नत्र पाण्याबरोबर खालीही झिरपते आणि विहिरी-बोअरमध्ये नायट्रेट होऊन साठते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. ओठ आणि नखे निळसर पडतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढते. बागायती पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरायचे तर वर्षातून एकदा तपासून घेणे आणि तान्ह्या बाळाला फक्त आईचेच दूध देणे हे दोन साधे उपाय आहेत.

आणि ज्याचा या उत्सर्जनात जवळजवळ काही वाटा नाही, तो ऊसतोड मजूर. बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, कोप्यांत राहतात आणि पहाटेपासून कोयता चालवतात. एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या देशांत तरुण ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण मोठे आढळले. उन्हात अंगमेहनत आणि पाण्याची सतत कमतरता हे त्यामागचे महत्त्वाचे कारण असल्याचे मानले जाते. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकातच बसवण्याचे प्रयत्न झाले. आपल्याकडेही हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो तेव्हा फडावर पिण्याचे पाणी आणि दुपारची सुट्टी हा दयेचा नव्हे, औषधाइतका गरजेचा भाग समजायला हवा.

अंगठा कुठे दाबायचा?

दिलासा देणारी गोष्ट अशी की या भागातले बरेचसे उत्सर्जन हे खरोखर वाया गेलेले पैसे आहेत. टाकलेल्या नत्रातले साधारण ३० ते ४० टक्केच पीक उचलते. उरलेल्याचे पैसे भरलेले असतात, ढुलाई केलेली असते, मजुरी दिलेली असते. हाच तो दाबला की खड्डा पडणारा भाग. तो कमी केला तर उत्पन्नाला धक्का लागत नाही.

माती परीक्षण करून खत देणे, एकाच वेळी गोण्या न फोडता हप्त्यांत देणे, ठिबकमधून विद्राव्य खत सोडणे, उसाच्या आधी ताग किंवा धैंचा गाडणे, हे उपाय शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. पाचट जाळण्यामागेही आळस नसतो. पाचटाखाली खोडव्याला खत देता येत नाही, मशागत अडते, उंदीर होतात, मजूर मिळत नाहीत. या अडचणीवर बारामती तालुक्यातल्या माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने यंत्र तयार केले आहे. ‘सॉर्फ’ नावाचे हे अवजार ट्रॅक्टरला जोडतात. एकाच फेरीत ते बुडखे जमिनीलगत छाटते, बगला फोडते, जुन्या मुळ्या तोडते आणि खत पाचटाच्या खाली मातीत पेरते. खत मातीआड गेले की हवेत उडण्याचे प्रमाण कमी होते. वर राहिलेले पाचट ओल धरून ठेवते आणि कुजून कर्ब वाढवते.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग सुरू केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांवरून कधी पाणी द्यावे, किती खत द्यावे हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळते. अशा साधनांची खरी कसोटी एकच आहे. उसाचे टनेज वाढले का, याबरोबरच गोण्या आणि मोटारीचे तास कमी झाले का, हेही मोजले गेले पाहिजे.

मात्र सगळा भार शेतकऱ्याच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. युरियाची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते. अनुदान बाजूला काढले तर तिची किंमत कित्येक पट आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात २०२४ पासून मोफत वीज आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला आधार हवाच, पण आधार देण्याची ही पद्धत नेमकी वायफळ वापरालाच स्वस्त करते. सौर फीडरमुळे दिवसा वीज मिळते आणि कोळसा वाचतो, हे चांगलेच. पण सूर्याची वीज फुकट म्हणून भूजलही फुकट असा अर्थ निघाला तर पाणी संपेल. तोच पैसा माती परीक्षण, खोडव्याची अवजारे, ठिबक आणि पाचट न जाळणाऱ्याला मोबदला अशा वाटेने दिला, तर शेतकऱ्याच्या हाती तितकेच पडेल आणि हवेत कमी जाईल.

उत्सर्जनाचा काही भाग तरीही उरणारच. गाय रवंथ करणार, मातीतले जिवाणू आपले काम करणार. तो अन्न पिकवण्याचा खर्च आहे आणि तो शून्यावर आणण्याची अपेक्षा कुणी शहाणा ठेवणार नाही. जिरायती गावाला पाणी मिळाले तर तिथेही खत येईल, गोठा येईल आणि वायूही वाढतील. ते बाळसे म्हणायचे. बागायती गावात ज्या गोणीचा ऊस झाला नाही, ज्या पाण्याची गरज नव्हती आणि जे पाचट उगाच जळाले, ती सूज. पुढच्या हंगामात उसाचे बिल हातात पडेल तेव्हा टनेजच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहून ठेवले, किती गोण्या, मोटारीचे किती तास आणि किती गुंठ्यांतले पाचट जाळले, तर फरक ज्याचा त्यालाच कळू लागेल.